जर्मनीतील जुने संगीत: वाद्य बदलण्याआधी काय बदलावे लागते

पुण्यात दहा वर्षे पाश्चात्य व्हायोलिन शिकलेल्या एका तरुण वादकाने तीन प्रश्न विचारले आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीत जायचे त्यांच्या मनात आहे आणि तेथील अनेक संगीत विद्यापीठांत त्यांना ‘ऐतिहासिक वादनपद्धती’ नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम दिसतो. हा विषय म्हणजे जुन्या घडणीची वाद्ये वाजवणे एवढेच आहे काय, ‘बाखच्या काळी’, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्या जर्मन रचनाकाराच्या काळी, ‘जसे ऐकू येत असे तसेच’ हा दावा खरा मानावा काय, आणि या क्षेत्रात पोट भरते काय, असे ते विचारतात. मी गेली २२ वर्षे कोलोनमध्ये राहून बरोक व्हायोलिन, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या घडणीचे व्हायोलिन, वाजवते आणि शिकवते. या प्रश्नांची उत्तरे मला माझ्या विद्यार्थिदशेत कोणी नीट दिली असती तर माझी दोन वर्षे वाचली असती, म्हणून त्यांनाच उद्देशून सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि बाकीचे सगळे त्यातूनच निघते. वाद्य हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे, जरी बाहेरून तोच सर्वांत आधी दिसत असला. १७२० च्या सुमारास लिहिलेल्या पानावर स्वर आणि त्यांचे काल दिसतात. परंतु गती किती, जोर कोणत्या स्वरावर, कोणता स्वर लांबवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, अलंकार कोठे घालायचा, हे बहुतेक लिहिलेले नसते, कारण ते पान ज्याच्यासाठी लिहिले होते तो वादक बहुधा त्याच गावात राहत होता आणि लिहिणाऱ्याच्या शेजारी उभा राहून वाजवत होता. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकातली एखादी बंदिश कोणाकडूनही न ऐकता केवळ स्वरलिपीवरून म्हणून पाहिली तर काय हाती लागते, हे आपल्याकडच्या कोणाही गाणाऱ्याला ठाऊक आहे: स्वर बरोबर येतात आणि राग येत नाही. मात्र आपल्याकडे ती न लिहिलेली गोष्ट गुरूसमोर बसून आजही घेता येते. बरोक संगीताच्या बाबतीत ती साखळी एकोणिसाव्या शतकात तुटली. वाद्यवृंद चालू राहिले, चर्चमधले नळ्यांचे ऑर्गन वाजत राहिले, पण त्या वाजवण्यामागची समजूत हळूहळू दुसरीच झाली आणि ती दुसरी झाली आहे हे फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही. तुटलेली साखळी पुस्तकांवरून, हस्तलिखितांवरून आणि वाद्यांवरून पुन्हा जोडत बसण्याचा उद्योग म्हणजे हा विषय.

ही तूट किती खोल होती हे दोन उदाहरणांवरून कळेल. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनच्या झिंगआकाडेमीमध्ये वीस वर्षांच्या संगीतकार मेंडेल्सझोनने बाखचे मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या अखेरच्या दिवसांची गाऊन सांगितलेली कथा, पुन्हा उभे केले. जर्मन संगीताच्या इतिहासात तो दिवस मोठा मानतात आणि तो मोठा आहेच. पण त्या प्रयोगात कृतीचा बराच भाग गाळलेला होता, आणि बाखने लिहिलेल्या जुन्या जातीच्या ओबोंच्या जागी क्लॅरिनेट घातलेले होते, कारण ते ओबो वाजवणारेच उरले नव्हते. पुढे १९२० साली ग्योटिंगेन येथे ओस्कार हागेन यांनी बाखचा समकालीन रचनाकार हेंडेल याचा ‘रोडेलिंडा’ हा ऑपेरा रंगमंचावर आणला आणि तेथूनच आजचा ग्योटिंगेनचा हेंडेल महोत्सव सुरू झाला. त्या प्रयोगातही गाणे जर्मन भाषांतरात होते, आणि मुळात उंच आवाजाच्या कास्त्रातो, म्हणजे लहानपणीच खच्चीकरण केलेल्या, गायकांसाठी लिहिलेल्या पुरुष भूमिका खाली उतरवून भारदस्त पुरुषी आवाजांना दिलेल्या होत्या. नायकाने बारीक आवाजात गावे ही कल्पनाच त्या काळच्या जर्मन श्रोत्याला सहन होण्यासारखी नव्हती. या दोघांना मी दोष देत नाही, कारण कृती परत आणण्याचे काम त्यांनीच केले. ती वाजवायची कशी हा प्रश्न त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पडला.

त्या पिढ्यांचा मार्ग सरळ नव्हता. १९२१ साली फ्रायबुर्ग विद्यापीठात विलिबाल्ड गुर्लिट यांनी मिखाएल प्रेटोरियसच्या सतराव्या शतकातील वर्णनावरून वाल्कर यांच्या कारखान्याकडून एक ऑर्गन बांधून घेतला. नळ्या जुन्या वर्णनाबरहुकूम केल्या होत्या, पण कळ दाबल्यावर नळीपर्यंत हवा पोचवणारी आतली यंत्रणा आधुनिक ठेवली होती. बोट आणि नळी यांचे थेट नाते असल्याशिवाय त्या नळ्यांना बोलण्याची जुनी पद्धत येत नाही, ही गोष्ट पुढे कळली. तो ऑर्गन १९४४ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला. त्याच सुमारास, म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, पीटर हार्लान यांनी रेकॉर्डर नावाची बासरी शाळाशाळांत नेली. तिच्यावरील एक अवघड बोटठेवण सोपी करण्यासाठी छिद्रांचे आकार बदलले गेले आणि एक स्वर सोपा करताना कितीतरी कोमल-तीव्र स्वर बिघडले. ‘जर्मन बोटठेवणी’ची ती बासरी आजही दुकानांत मिळते. शिकवणाऱ्याने मुलाच्या हातात ती देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जुन्या वाद्यातली अडचण ही बहुधा अडचण नसते, तिच्यात त्या संगीताची काहीतरी माहिती असते.

युद्धानंतर नभोवाणी केंद्रांनी आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी या चळवळीला पैसा दिला, हे जर्मनीचे वैशिष्ट्य समजून घ्यायला हवे. कोलोनच्या नभोवाणीने १९५४ साली कापेला कोलोनिएन्सिस हा जुन्या वाद्यांचा वाद्यवृंद उभा केला. त्यानंतर १९६२ मध्ये कोलेगियुम आउरेउम आला, ज्याचे प्रमुख व्हायोलिनवादक फ्रान्झयोसेफ मायर होते आणि ज्याचे ध्वनिमुद्रण किर्शहाइमच्या गढीतल्या देवदारी दालनात होत असे. मी त्यांच्या मुद्रिका मुद्दाम विद्यार्थ्यांना ऐकवते. वाद्ये जुनी आहेत, तारा आतड्याच्या आहेत, दालनाचा नाद सुंदर आहे; आणि वाजवण्याची भाषा मात्र अजून बरीचशी एकोणिसाव्या शतकातली आहे, सलग, लांब ओढीची आणि जवळजवळ प्रत्येक स्वरावर व्हायब्रेटो, म्हणजे बोटाने दिलेला कंप, असलेली. ते संगीत मला आवडते, पण केवळ वाद्य बदलल्याने काय होते आणि काय होत नाही याचे त्याच्याहून स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मायर यांच्याच एका विद्यार्थ्याने, राइनहार्ड गेबेल यांनी, १९७३ साली म्युझिका आंटिक्वा कोलोन हा संच स्थापन केला आणि तेथून भाषा बदलली. कोलोनपासून हॉलंड जवळ आहे आणि तेथे गुस्ताव लेओनहार्ट हार्पसिकॉर्ड या तारा छेडणाऱ्या कळींच्या वाद्यावर स्वरांना बोलते करत होते. व्हिएन्नात हार्नोनकोर्ट १९५३ पासून आपल्या संचासह काम करत होते. या दोघांनी मिळून एका जर्मन कंपनीसाठी बाखच्या चर्चसाठीच्या सर्व कँटाटांचे, म्हणजे गायक आणि वाद्ये यांच्यासाठीच्या उपासनेतल्या रचनांचे, ध्वनिमुद्रण १९७१ ते १९९० या काळात पूर्ण केले. गेबेल यांचे वादन तापट, टोकदार आणि कधी कधी श्वास रोखायला लावणाऱ्या वेगाचे होते. १९९० च्या सुमारास डाव्या हाताच्या आजाराने त्यांचे वादन थांबले, तेव्हा त्यांनी हात बदलून, म्हणजे गज डाव्या हातात घेऊन, व्हायोलिन पुन्हा मुळापासून शिकून घेतले. या एका गोष्टीपुढे मी आजही नतमस्तक होते.

यानंतरची नावे तुम्हाला ठाऊक असतील: पूर्व बर्लिनमध्ये १९८२ साली स्थापन झालेला आकाडेमी फ्यूर आल्टे म्युझीक, १९८५ चा कॉन्चेर्तो कोलोन, १९८७ चा फ्रायबुर्गर बरोकऑर्केस्टर. हे तिन्ही वाद्यवृंद वादकांनी स्वतः उभे केलेले आहेत आणि ते बहुतेक वेळा उभ्याने, संचालकाविना, पहिल्या व्हायोलिनच्या श्वासावर वाजवतात. पूर्व बर्लिनच्या मंडळींची मला विशेष आस्था आहे, कारण पश्चिमेकडील पुस्तके, हस्तलिखितांच्या प्रती आणि वाद्ये सहज मिळत नसताना, आपापल्या वाद्यवृंदांतली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी हे काम सुरू केले. मध्ययुगीन संगीताचा प्रवाह वेगळा आहे. त्यात म्युनिकचा स्टुडिओ देर फ्रूहेन म्युझीक आणि १९७७ मध्ये कोलोनला सुरू झालेला सेक्वेन्शिया ही नावे महत्त्वाची आहेत, पण तुम्ही व्हायोलिनवादक असल्यामुळे त्यात मी येथे शिरत नाही.

आता ‘भाषा बदलली’ म्हणजे नेमके काय, हे तुमच्या हातातल्या वाद्यावर सांगते. तुम्ही जो गज वापरता तो अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये ठरलेल्या घडणीचा आहे. त्याची काठी आत वाकलेली असते, टोक जड असते, आणि मुठीपासून टोकापर्यंत एकसारखा स्वर काढता यावा हाच त्याचा हेतू आहे. त्याआधीच्या गजाची काठी सरळ किंवा किंचित बाहेर वाकलेली असते आणि टोक हलके असते. त्यामुळे खाली ओढलेला गज आपोआप जोरकस आणि वर ढकललेला आपोआप नाजूक होतो. प्रत्येक स्वर उमलतो आणि मावळतो, दोन स्वरांमध्ये थोडी हवा राहते. प्रसिद्ध मोझार्टच्या वडिलांनी, लेओपोल्ड मोझार्टने, १७५६ च्या आपल्या व्हायोलिनवरील ग्रंथात म्हटले आहे की, कितीही जोराने सुरू केलेल्या स्वराच्या आरंभी एक बारीकसा, जेमतेम ऐकू येणारा हळुवारपणा असतोच. हे वाक्य आधुनिक गजावर वाचले तर सल्ला वाटतो. जुना गज हातात घेतला की ते केवळ वर्णन आहे हे कळते. त्याच ग्रंथात तो असेही सांगतो की, काही वादक प्रत्येक स्वरावर असे कापतात जणू त्यांना कायमचा हुडहुडीचा ताप भरला आहे. याचा अर्थ त्या काळी व्हायब्रेटो नव्हता असा होत नाही. तो होता, काही जण सतत करत होते, आणि जाणत्यांच्या मते तो अलंकार होता, निवडून एखाद्या स्वरावर ठेवायचा. व्हायब्रेटो अजिबात वर्ज्य आहे असे जे आमच्या क्षेत्रातही अधूनमधून ऐकू येते, ते मला पटत नाही.

गजाच्या दिशेचा नियमही असाच आहे. रचनाकार गेओर्ग मुफाट याने १६९८ मध्ये पासाऊ येथे छापलेल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत फ्रेंच राजदरबाराचा संगीतकार ल्युली याच्या वादकांची पद्धत चार भाषांत समजावून दिली आहे: प्रत्येक मात्राखंडाचा पहिला स्वर खालच्या गजाने यायला हवा, त्यासाठी मध्येच गज उचलून परत आणावा लागला तरी चालेल. आधुनिक शिक्षणात आपण वर्षानुवर्षे दोन्ही दिशा सारख्या करण्याचा रियाज करतो आणि येथे आल्यावर ते कौशल्य बाजूला ठेवावे लागते. मला स्वतःला हे फार जड गेले. माझ्या पहिल्या सत्रात शिक्षकांनी तीन आठवडे मला माझा भाग वाजवूच दिला नाही. मी सोनाटाचा फक्त खालचा, खर्जाचा भाग वाजवायचा आणि प्रत्येक मात्रेवर कोणती स्वरसंगती अपेक्षित आहे हे खाली लिहिलेल्या आकड्यांवरून तोंडाने सांगायचे, एवढेच काम होते. तेव्हा मला अपमान वाटला होता. आज मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच करायला लावते. वरचा सूर कोठे ताणायचा आणि कोठे सोडायचा याचा निर्णय खालच्या खर्जाशी त्याचा मेळ आहे की तंटा आहे यावर होतो. तंट्याच्या जागी गज दाबायचा आणि तो मिटला की उचलायचा. कॉन्टिन्युओ, म्हणजे हा खर्ज आणि त्यावरची आकड्यांची स्वरसंगती, हार्पसिकॉर्ड किंवा ऑर्गनवाल्याचा विषय, अशी समजूत घेऊन जो व्हायोलिनवादक येतो त्याचे पुढचे सगळे शिक्षण वरवरचे होते.

पट्टी आणि स्वरजुळणी यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ‘बाखच्या काळी होते तसेच’ या दाव्याची परीक्षा तेथेच होते. आज बरोक वाद्यवृंद ‘अ’ हा स्वर ४१५ कंपनसंख्येवर लावतात. ही सोयीसाठी ठरवलेली गोष्ट आहे, कारण ४१५ म्हणजे आजच्या ४४० पेक्षा बरोबर अर्धा स्वर खाली, आणि हार्पसिकॉर्डची स्वरफळी एक घर सरकवली की दोन्ही पट्ट्या एकाच वाद्यावर मिळतात. प्रत्यक्ष जर्मनीत तेव्हा गावागणिक पट्टी बदलत होती. लाइपझिगमध्ये ऑर्गन उंच पट्टीत आणि इतर वाद्ये त्याहून एक पूर्ण स्वर खालच्या पट्टीत असत, म्हणून बाखच्या कँटाटांमध्ये ऑर्गनचा भाग इतरांपेक्षा एक स्वर खाली उतरवून लिहिलेला सापडतो. दोन पट्ट्यांतली वाद्ये एकाच वेळी एकच संगीत वाजवत होती, आणि प्रत लिहिणाऱ्याने ते गणित कागदावर सोडवून ठेवले होते.

स्वरजुळणी तर मराठी वाचकाला युरोपियन वाचकापेक्षा लवकर कळावी. तानपुरा नीट लागला की त्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्याशी हार्मोनियमचा गंधार जुळत नाही. हार्मोनियमचा गंधार शुद्ध प्रमाणापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासह श्रुती हार्मोनियम घडवण्याचा खटाटोप केला तो याच कारणाने. सतराव्या शतकातील उत्तर जर्मनीच्या ऑर्गनांवर प्रश्न हाच होता आणि उत्तर वेगळे होते: पंचम किंचित उतरवायचे आणि त्या बदल्यात बहुतेक गंधार शुद्ध किंवा शुद्धाजवळ ठेवायचे. मग काही स्वरसंगती अतिशय शांत लागतात आणि काही इतक्या बेसूर, की रचनाकार त्या टाळतो किंवा दुःखाच्या शब्दावर मुद्दाम वापरतो. ऑर्गनतज्ज्ञ वेर्कमाइस्टरने १६९१ मध्ये सुचवलेल्या जुळणीसारख्या मधल्या वाटांनी सर्व स्वरस्थाने वापरता येऊ लागली, तरी प्रत्येकाचा रंग वेगळा राहिला. हे शब्दांत सांगून भागत नाही. हॅम्बुर्गच्या याकोबी चर्चमध्ये आर्प श्निटगरने १६९३ साली पूर्ण केलेला ६० स्वरपंक्तींचा ऑर्गन आहे. पहिल्या महायुद्धात त्याच्या दर्शनी नळ्या धातूसाठी काढून नेल्या, दुसऱ्यात चर्च जळाले पण बाजूला काढून ठेवलेल्या नळ्या वाचल्या, आणि १९९३ मध्ये युर्गेन आहरेन्ट यांनी तो पुन्हा उभा केला. १७२० मध्ये याच चर्चच्या ऑर्गनवादकाच्या जागेसाठी बाखचा विचार झाला होता. जर्मनीत पोचल्यावर पहिल्या सुट्टीत तेथे जा आणि त्यावर वाजणारा एकच साधा कोराल, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक भक्तिगीताची चाल, ऐका. शुद्ध गंधाराची स्वरसंगती दगडी छताखाली स्थिर उभी राहते तेव्हा कान स्वतःच शिकतात.

दाव्याविषयी आणखी एक वाद सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आमच्या क्षेत्रात पुरावा कसा वाचतात हे त्यातून उत्तम दिसते. २३ ऑगस्ट १७३० रोजी बाखने लाइपझिगच्या नगरपरिषदेला एक निवेदन दिले. त्यात तो म्हणतो की, प्रत्येक गायकवृंदात निदान बारा गायक हवेत, प्रत्येक आवाजाला तीन, आणि चार असतील तर अधिक चांगले. यावरून बाखच्या कँटाटा बारा ते सोळा जणांच्या गायकवृंदाने गायल्या जात, असे सगळे धरून चालत होते. १९८१ साली अमेरिकन संशोधक व वादक जोशुआ रिफकिन यांनी वेगळीकडे बोट दाखवले. बाखच्या काळातल्या ज्या मूळ प्रती उरल्या आहेत त्यांत प्रत्येक आवाजासाठी बहुधा एकच प्रत सापडते, आणि तीतच एकट्याने गायची गाणीही लिहिलेली आहेत. म्हणजे त्या प्रतीवरून एकच जण गात असावा, आणि १७३० चे निवेदन हे उपलब्ध मनुष्यबळाविषयी आहे, आजारपणाचा विचार करून मागितलेले आहे, असे त्यांचे म्हणणे. जॉन पॅशनसारख्या काही कृतींसाठी जादा गायकांच्या प्रती आहेत, पण त्या जादा म्हणूनच ओळखू येतात. या वादात लाइपझिगपासून लंडनपर्यंत लोक एकमेकांवर तुटून पडले. माझा स्वतःचा कौल बहुतेक कँटाटांच्या बाबतीत रिफकिन यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण कागदाइतकेच अनुभवाचे आहे. चार गायक समोर असले की व्हायोलिनला शब्द ऐकू येतात, आणि शब्द ऐकू आले की गज शब्दाप्रमाणे चालतो. तीच कृती दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात मोठ्या गायकवृंदाने गायली तर मी चूक म्हणणार नाही, फक्त ती निवड आहे हे गाणाऱ्याने ओळखावे.

म्हणून ‘होते तसेच’ हा दावा मी करत नाही आणि तुम्हीही करू नये. तेव्हाची गाणारी मुले, तेव्हाचे थंड चर्च, तेव्हाचा श्रोता आपल्याजवळ नाही. आपल्याजवळ पुरावा आहे, आणि पुराव्याशी प्रामाणिक राहून घेतलेला निर्णय आहे. जर्मनीत या निर्णयांचे सगळे प्रकार शेजारी शेजारी ऐकायला मिळतात, हे तेथे शिकण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. लाइपझिगच्या थोमासकिर्शेमध्ये शनिवारी दुपारी थोमानर या तिथल्या गायकवृंदातली मुले गेवांडहाउस या शहराच्या वाद्यवृंदाच्या आधुनिक वाद्यांसह बाखची कँटाटा गातात, आणि जूनमधल्या बाखफेस्ट या महोत्सवात त्याच चर्चमध्ये जुन्या वाद्यांचे संच येतात. श्टुटगार्टच्या बाख अकादमीने हेल्मुट रिलिंग यांच्या काळात आधुनिक वाद्यांनी बाख वाजवला आणि हान्स-ख्रिस्टोफ राडेमान आल्यावर २०१६ पासून स्वतःचा बरोक वाद्यवृंद जोडला. कोलोनमध्ये २०२१ साली संचालक केंट नागानो आणि कॉन्चेर्तो कोलोन यांनी वाग्नरचा ‘राइनगोल्ड’ हा एकोणिसाव्या शतकातला ऑपेरा त्याच्या काळच्या वाद्यांनी वाजवला. आता ही पद्धत बरोकपुरती उरलेली नाही. रेगेन्सबुर्गचा पेंटेकोस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या, आठवडाअखेरीचा महोत्सव आणि हेर्नेचा नोव्हेंबरमधला महोत्सव तर खास याच विषयाचे आहेत.

उपजीविकेविषयी स्पष्ट बोलते. जर्मनीत नाट्यगृहांचे आणि नभोवाणीचे वाद्यवृंद पगारी आहेत; जुन्या संगीताचे जवळजवळ सगळे संच मुक्त वादकांचे आहेत आणि पैसे प्रत्येक कार्यक्रमामागे मिळतात. वर्षाचे चक्र चर्चच्या पंचांगाप्रमाणे फिरते. डिसेंबरात गावोगावच्या चर्चमध्ये बाखचा ख्रिसमस ऑरेटोरिओ आणि ईस्टरपूर्वीच्या आठवड्यांत पॅशन वाजतात, तेव्हा आम्हाला उसंत नसते. उन्हाळ्यात महोत्सव असतात. जानेवारीत घरी बसून गजाचे केस बदलावेत. १९८३ पासून कलावंतांसाठी असलेली सामाजिक विमा योजना, क्युन्स्टलरझोत्सिआलकासे, हा मोठाच आधार आहे, कारण आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा निम्मा वाटा तिच्यातून भरला जातो. बहुतेक जण शिकवण्या करतात, मीही करते. यातून श्रीमंती येत नाही, पण नीट वाजवणारा, वेळेवर पोचणारा आणि खर्ज वाचता येणारा वादक रिकामा राहत नाही.

शिक्षणाचे गाव निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा शिक्षक आणि आसपासचे संच पाहा. ब्रेमेन, कोलोन, लाइपझिग, फ्रँकफुर्ट, बर्लिन, म्युनिक, व्यूर्त्सबुर्ग आणि ट्रॉसिंगेन या सर्व ठिकाणी हा विषय गंभीरपणे शिकवतात. ट्रॉसिंगेन अगदी लहान गाव आहे. रियाजाला उत्तम, पण काम मिळवायला प्रवास करावा लागतो. ट्रॉसिंगेन आणि फ्रायबुर्ग ज्या राज्यात येतात त्या बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो शुल्क पडते, हेही हिशेबात धरा. प्रवेशपरीक्षा प्रत्यक्ष वाजवून द्यावी लागते, आणि आधी शिक्षकाला पत्र लिहून एक तास शिकवणी मागितली तर बहुतेक शिक्षक आनंदाने देतात. जर्मन भाषा मात्र आताच सुरू करा. बासरीवादक क्वान्ट्सचा १७५२ चा, बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल याचा १७५३ आणि १७६२ चा, मोझार्टच्या वडिलांचा १७५६ चा हे ग्रंथ भाषांतरातही मिळतात, पण मूळ वाक्याची लय आणि संगीतातल्या वाक्याची लय एकाच घरातल्या आहेत.

निघण्याआधी बरोक व्हायोलिन विकत घेऊ नका. आपल्या आहे त्याच व्हायोलिनला वरच्या दोन आतड्याच्या तारा लावा, पावसाळ्यात त्या रोज ढळतील हे धरून चाला, आणि साधा का असेना पण जुन्या घडणीचा एक गज मिळवा. मग बाखच्या स्वहस्ते लिहिलेल्या, १७२० सालच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या कृतींची हस्तलिखित पाने ‘बाख डिजिटल’ या संकेतस्थळावर उघडा. ती विनामूल्य पाहता येतात. पहिल्या सोनाटाचा आडाजिओ फक्त २२ मात्राखंडांचा आहे. त्यातल्या बारीक स्वरांच्या दाट ओळी पाहून घाबरू नका. वादकाने आयत्या वेळी घालायचे अलंकार बाखने येथे स्वतः लिहून ठेवले आहेत. ते सगळे काढून टाका. खालचा खर्ज आणि मुख्य स्वरसंगती एवढ्याच वेगळ्या कागदावर उतरवा आणि आठवडाभर तेवढेच वाजवा, प्रत्येक स्वरसंगतीवर खालचा गज की वरचा हे ठरवून. दुसऱ्या आठवड्यात बाखने हाताने काढलेल्या जोडरेषा (एकाच गजात वाजवायचे स्वर जोडणाऱ्या) जशा दिसतात तशा पाळून एकेक अलंकार परत घाला, छापील आवृत्तीतल्या जोडरेषा न बघता. ज्या जागी रेषा नेमकी कोठे सुरू होते हे कळत नाही त्या जागेवर खूण करा आणि दोन्ही रीतींनी वाजवून पाहा. असे करत २२ व्या खंडापर्यंत पोचलात की त्या खुणांची पाने आणि ध्वनिमुद्रण मला पाठवा.